पान दोनशे सतरा

वेलवाल्या सरांची सकाळ आकड्याने उजाडायची. दात घासून झाले, चहाचा कप हातात आला, की ते टेबलापाशी उभ्याउभ्याच संगणक उघडायचे आणि आपला आकडा बघायचे. काल तेराशे ब्याण्णव, आज तेराशे पंचाण्णव. तीन वाढले की चहा गोड लागायचा. एकही वाढला नाही की साखर कमी पडल्याची तक्रार बायकोकडे जायची.

"अहो, साखर रोजच्याएवढीच आहे," बायको म्हणायची. "आधी आकडा सांगत जा, मग मी चहाचं बघते."

हा आकडा पगाराचा नव्हता की रक्तदाबाचा नव्हता. सर कर्करोगावर संशोधन करायचे, आणि संशोधकांच्या जगात एक रीत आहे. कुणी पेपर लिहिला की शेवटी यादी द्यावी लागते: हे अमक्याने दाखवून दिलंय, ते तमक्याने. त्या यादीत आपलं नाव आलं की आपल्या खात्यात एक सायटेशन पडतं. ज्याच्या खात्यात जास्त सायटेशन तो मोठा. असं लेखी कुठे नाही, पण घरात मोठं कोण हेही कुठे लिहिलेलं नसतं. जेवायला बसताना आपोआप कळतं.

सरांचे एकूण पेपर तीसच्या आसपास. त्यातल्या बहुतेकांना मिळालेली सायटेशन हाताच्या बोटांवर मोजता यायची, आणि त्यातली निम्मी बोटं सरांचीच असायची. एक पेपर मात्र घराणं तारणारा निघाला होता. त्यावरून संस्थेत त्यांना 'वेलवाले सर' हे नाव पडलं.

त्याची हकिगत अशी. डोंगराकडची माणसं एका रानवेलीबद्दल सांगायची की ती उगाळून लावली, पोटात घेतली, की गाठी विरघळतात. सर तेव्हा तरुण होते, डोक्यावर केस होते, आणि हे खरं की खोटं याचा सोक्षमोक्ष लावायचाच असं त्यांनी ठरवलं. वेल आणली, वाळवली, अर्क काढला. काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशींवर घातला, मग उंदरांना दिला. एक उंदीर म्हातारा होऊन मरतो तोवर दुसरा जन्माला येतो, दुसरा मरतो तोवर निधी संपतो, अशा चालीने अकरा वर्षं गेली. शेवटी उत्तर मिळालं. वेलीने गाठ थांबत नाही. अर्क घेतलेल्या उंदरांच्या गाठी आणि नुसतं पाणी प्यायलेल्या उंदरांच्या गाठी सारख्याच वेगाने वाढत होत्या. थाळीत पेशी मरायच्या खऱ्या, पण इतका घट्ट अर्क ओतला होता की तेवढ्या घट्ट मिठाच्या पाण्यानेही त्या मेल्याच असत्या.

सरांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून काढलं. त्यांच्या गुरूंनी एक शिस्त लावली होती: शीर्षकात निकाल द्यायचा नाही, तो उथळपणा. म्हणून पेपरचं नाव ठेवलं 'रानवेलीच्या अर्काचा गाठीच्या वाढीवरील परिणाम: एक अभ्यास'. आणि 'नाही' हा शब्द शेवटच्या पानावर, खालून दुसऱ्या परिच्छेदात, लाजऱ्या पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसवला.

चार वर्षं त्या पेपरकडे कुत्रंही फिरकलं नाही. पाचव्या वर्षी आकडा हलला. आधी पाच, मग चाळीस, मग शेकडा. सरांना वाटलं, सत्याला पोचायला उशीर होतो, पण पोचतं. जगाला माझा प्रामाणिक नकार कळला. पुढे तर ते विद्यार्थ्यांना 'नकारात्मक निष्कर्षांचं महत्त्व' या विषयावर दरवर्षी तासभर ऐकवू लागले. शेवटच्या स्लाइडवर त्यांचाच आकडा असायचा.

ज्या शेकडो लोकांनी आपलं नाव घेतलं त्यांनी ते कशासाठी घेतलं, हे बघायला मात्र सरांनी त्यातला एकही पेपर उघडला नव्हता. वेळ कुठे होता? आणि वरात दाराशी आल्यावर वाजंत्री कुठल्या घरी आलीत हे विचारायला कोण जातं?

त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. संचालकांचा आकड्यांवर फार जीव. खालच्या मजल्यावर, लिफ्टसमोर, त्यांनी एक मोठा फलक लावून घेतला होता. गुळगुळीत जाड प्लाय, चार स्क्रू, वर 'आमचे सर्वाधिक उद्धृत संशोधक', मध्ये सरांचा फोटो आणि खाली आकड्याच्या सरकत्या पट्ट्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिपाई स्टुलावर चढून पट्ट्या बदलायचा. फोटोत सर कुणीतरी नको तो प्रश्न विचारल्यासारखे हसत होते.

"फाईल तयार ठेवा," संचालक म्हणाले. "बाकी सगळे हजाराच्या खाली आहेत. तुमचं काम तुमच्या आकड्यानेच केलंय."

मुलाखत आली म्हणजे नवा शर्ट आला, आणि नवा शर्ट म्हणजे ताई. सरांची थोरली बहीण शिवणकाम करायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका शटरचं दुकान, दोन मशीन, एक इस्त्री, आणि कापड कापायचं एक जुनं टेबल. त्या टेबलावरची फळी ओल लागून इतकी फुगली होती की खडूची सरळ रेघ नागासारखी चालायची. ताई तिला रोज शिव्या घालायची आणि रोज तिच्यावरच कापायची. शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या कोटापर्यंत सरांच्या अंगावरचं एकूण एक कापड तिने शिवलं होतं.

सर कापड घेऊन दुकानात गेले तेव्हा ताई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून काज करत होती.

"ठेव तिथे," ती म्हणाली. "मुलाखत कधी आहे तुझी?"

"पुढच्या महिन्यात. माप घेतेस?"

"तुझं माप काय घ्यायचं? जुना शर्ट आहे की माझ्याकडे. बस जरा. तुला एक सांगायचंय, पण आरडाओरडा करायचा नाही."

सर बसले. ताईने काजाचा दोरा दाताने तोडला आणि तोच सूर ठेवून म्हणाली, "छातीत गाठ आलीय. तुकडा काढून तपासलाय. तीच आहे, तुझ्यावाली."

पंचवीस वर्षं ते त्या रोगाबरोबर काम करत होते; पण आजवर तो उंदरांना व्हायचा.

"डॉक्टरीणबाई म्हणाली, लगेच काढून टाकू, लवकर सापडलीय. मी म्हटलं, घाई काय आहे? कापाकापी मी जन्मभर करतेय, मला कापून घ्यायची हौस नाही. आणि म्हटलं, आमच्या घरातच औषध आहे."

तिने बटणांच्या खणात हात घातला आणि एक हिरवा डबा काढून सरांपुढे ठेवला. 'रानवेल शुद्ध चूर्ण'. वेलीचं चित्र. त्याखाली सरांचं नाव, संस्थेचं नाव, आणि ठळक अक्षरांत: 'तेराशेहून अधिक संशोधनांत सिद्ध'.

सरांना आधी हसू आलं. खरंच आलं. मग डबा अर्धा रिकामा आहे हे त्यांनी पाहिलं.

"ताई, याने काही होत नाही."

"अरे, महिना झाला. बरं वाटतंय मला."

"वाटेल. गाठ वाढतेय आत. मीच लिहिलंय की याने काही होत नाही. माझाच पेपर आहे तो!"

"मग यावर तुझं नाव कसं?"

"चुकून."

"आणि हे तेराशे? तेही चुकून?" ताईने डबा परत खणात ठेवला. "तेराशे शिकलेली माणसं एका सुरात खोटं बोलतात आणि तू एकटा खरा? लहानपणापासून तुझं हेच. पहिला नंबर आला तरी बाईंनी चुकून दिला म्हणायचास. स्वतःच्या पोराची किंमत आईबापाला कळत नाही, धाकट्या. लोकांना विचारावं."

"ताई, मी सांगतोय ना—"

"ओरडायचं नाही म्हटलं होतं."

घरी येऊन सरांनी संगणक उघडला. या वेळी आकडा बघायला नाही. त्यांनी यादीतला पहिला पेपर उघडला आणि आपलं नाव शोधलं. वाक्य होतं: 'रानवेलीचा अर्क गाठीची वाढ थांबवतो, हे सिद्ध झाले आहे.' पुढे कंसात सर. दुसरा पेपर: 'सर्वज्ञात आहे.' पुढे सर. तिसऱ्यात 'प्रभावीपणे' होतं, सातव्यात 'आश्चर्यकारकरीत्या'. वेल हळूहळू एखाद्या वक्त्यासारखी रंगात येत गेली होती. बायकोने जेवायला हाक मारली, पुन्हा मारली, मग ताटावर ताट झाकून ठेवलं.

आणि जवळजवळ सगळीकडे एक गोष्ट सारखी होती. सरांचा पेपर ज्या मासिकात छापला गेला त्याच्या अंकात तो पान दोनशे एक्काहत्तरवर सुरू होत होता. या सगळ्यांनी लिहिलं होतं: पान दोनशे सतरा.

सर त्या बारीक चुकीचं बोट धरून मागे मागे गेले आणि उगमाशी पोचले. एका मोठ्या नामांकित प्राध्यापकाने औषधी वनस्पतींवर एक लांबलचक आढावा लिहिला होता. सर त्यांना एका परिषदेत भेटले होते, चहाच्या रांगेत; वाकून हात मिळवला होता, पेपरची प्रत दिली होती. प्राध्यापकांनी ती मुडपून खिशात घातली होती. त्यांनी शीर्षक वाचलं असावं, 'परिणाम' हा शब्द वाचला असावा, आणि परिणाम आहे म्हणजे चांगलाच असणार असं धरलं असावं. पानाचे दोन आकडे उलटे झाले. पुढच्यांनी आढाव्यावरून उतरवलं. त्यापुढच्यांनी त्यांच्यावरून.

त्या अंकाच्या पान दोनशे सतरावर खरं काय आहे हे सरांनी काढून पाहिलं. तिथे उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा किती दिवसांनी बदलावा यावर एक टिपण होतं. शेकडो लोकांपैकी एकानेही तक्रार केली नव्हती की गाठीचा शोध घ्यायला गेलो आणि हाती भुसा आला.

खरा पानक्रमांक देणारे मोजकेच निघाले. एक सर स्वतः, एक त्यांचा जुना विद्यार्थी. आणि एक अनोळखी मुलगी, जिने सरळ लिहिलं होतं: 'या वेलीचा उपयोग होत नाही, हे आधीच दाखवले गेले आहे.' तिच्या पेपरला आजवर एकही सायटेशन नव्हतं.

सरांनी झाकलेलं ताट उघडलं. भात गार झाला होता. "काय झालं?" बायकोने विचारलं.

"मला कुणी वाचलेलंच नाही," सर म्हणाले. "आणि मीही कुणाला वाचलेलं नाही."

बायकोने ताट उचललं आणि भात गरम करायला नेला.

दुसऱ्या दिवशी ते संचालकांच्या खोलीत गेले.

"साहेब, माझा पेपर चुकीचा उद्धृत होतोय."

"होतोय ना पण?"

"चुकीचा, साहेब."

"चुकीचा म्हणजे किती?"

"जवळजवळ सगळाच."

संचालकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "हे बघा, कुणी शिव्या द्यायला नाव घेतलं तरी नाव घेतलंच ना?"

"शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. हे कौतुक करताहेत. मी न केलेल्या कामाचं."

"मग बिघडलं कुठे?"

"माझी बहीण ती पूड खातेय. तिला कॅन्सर आहे."

संचालक खुर्चीत सावरून बसले. मनाने वाईट नव्हता माणूस. "अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "चांगल्या डॉक्टरला दाखवा. मी फोन करू का कुणाला?" मग आवाज उतरवून, "आणि मासिकाला दुरुस्तीचं टिपण जरूर पाठवा. पाठवायलाच हवी. मुलाखतीनंतर. फाईल वर गेलीय हो. आपल्या संस्थेच्या क्रमवारीत तुमच्या एकट्या वेलीचा केवढा वाटा आहे, कल्पना आहे का तुम्हाला?"

सर "बरं" म्हणून बाहेर आले. हे "बरं" त्यांना पुढे बरेच दिवस तोंडात खड्यासारखं लागत राहिलं. कारण ते म्हणताना त्यांच्या मनात खरोखरच आलं होतं की मुलाखतीनंतर पाठवली तर काय बिघडतं? ताईला तर मी तोंडीच समजावणार आहे.

तोंडी समजावणं चाललं नाही. फोनवर सरांनी पेशी सांगितल्या, उंदीर सांगितले, मिठाचं पाणी सांगितलं. ताई "हं, हं" म्हणत राहिली आणि शेवटी तिने विचारलं, "शर्ट कधी घालून बघतोस?"

शर्ट घालून बघायला सर गेले तेव्हा दुकानात इस्त्रीची वाफ भरली होती. ताई थोडी वाळल्यासारखी दिसत होती, किंवा सरांना तसं दिसत होतं. त्यांनी शर्ट चढवला. गळ्याचं बटण लागेना. पोटावरचं लागलं, पण श्वास सोडल्यावर दोन बटणांमधून बनियन डोकावू लागला.

"श्वास आत घे," ताई म्हणाली.

"मुलाखत अर्धा तास चालेल, ताई. तेवढा वेळ श्वास आत कसा घेऊ?"

"असं कसं झालं? माप तर तेच घेतलंय."

"कशावरून?"

"गेल्या वेळच्या शर्टावरून."

"आणि तो कशावरून शिवलास?"

"त्याच्या आधीच्या."

"आणि तो?"

ताईने आठवायचा प्रयत्न केला. "तो... त्याच्या आधीचा निळा होता बघ, त्यावरून."

"अंगाला टेप लावून मला शेवटचं कधी मोजलंस?"

"तुझ्या लग्नात," ताई म्हणाली, आणि तिला फिसकन हसू आलं. हसता हसता तिने छातीशी हात नेला आणि चटकन काढला. सरांनी ते पाहिलं.

त्यांनी शर्ट उतरवला नाही. ताणलेल्या बटणांसकट ते स्टुलावर बसले.

"ताई, माझ्या पेपरचं हेच झालंय. एकाने माप चुकीचं घेतलं. मोठा माणूस, मोठं दुकान. दुसऱ्याने त्याच्या शर्टावरून घेतलं, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. तेराशे शर्ट शिवून झाले. माणसाला मात्र कुणी टेप लावलीच नाही. टेप लावणारा मी एकटा होतो. अकरा वर्षं लावली. वेलीने गाठ जात नाही."

ताई शर्टाच्या बटणांकडे बघत राहिली. असं गिऱ्हाईक तिने जन्मभर पाहिलं होतं: जुना कपडा आणून टाकणारं, "यावरूनच घ्या" म्हणणारं, आणि मग घट्ट झाला म्हणून भांडायला येणारं. तिला पेशी कळल्या नव्हत्या, हे कळलं.

"म्हणजे सगळे शर्ट सारखे," ती सावकाश म्हणाली, "म्हणून बरोबर वाटतात."

"हो."

"मग तुझ्या ऑफिसात तो फळा कशाला लावलाय? लिफ्टसमोर? मी पाहिलाय की. तुझा फोटो, खाली आकडा. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय मी. तो खोटा, तर तिथे अजून कसा? तुझ्या संस्थेत टेप नाही का कुणाकडे?"

मुलाखतीनंतर, असं काही तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ताईने डोळे बारीक केले. नापास झाल्याचं लपवलेल्या भावाला ती पूर्वी असंच बघायची. "हं," ती म्हणाली. "मला दवाखान्यात पाठवायला तो खोटा, आणि तुला साहेब करायला खरा. असं कसं चालेल, धाकट्या? तो फळा काढून आण. मी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईकडे जाते."

"ताई, चेष्टा करू नकोस."

"चेष्टा तूच करतोयस. आता तो शर्ट उतरव, शिवण उसवेल."

अर्ज करून फलक काढायचा तर समिती नेमावी लागली असती. सर दुसऱ्या दिवशी कार्यालय सुरू व्हायच्या आधी पोचले, प्रयोगशाळेतून पेचकस घेतला आणि शिपायाचं स्टूल ओढलं. पहिले तीन स्क्रू निमूट आले. चौथा गंजला होता. त्याच्याशी झटताना एक पट्टी सटकून खाली पडली आणि आकड्यातले तेराशे नाहीसे झाले. उरले नुसते अठ्ठ्याण्णव. सरांच्या मनात आलं, तेवढ्यांनी तरी वाचलं असतं तर.

फाटकाशी पहारेकऱ्याने अडवलं. "सर, हे कुठे नेताय?"

"दुरुस्तीला."

"काय बिघडलंय?"

"आकडा."

"मग ठीक आहे," पहारेकरी म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं.

बसमध्ये फलक आडवा मावेना, म्हणून सर स्वतःचा हसरा फोटो लोकांकडे करून उभे राहिले. शेजारच्या बाईने फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि जागा दिली. तिला वाटलं असावं, कुणीतरी गेलंय.

ताईने शटर नुकतंच वर केलं होतं. सरांनी फलक भिंतीला टेकवला. ती फलकाकडे आणि मग त्यांच्या खरचटलेल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"खरंच आणलास?"

"तू म्हणालीस ना."

"नोकरी जाईल की रे तुझी."

"जाणार नाही. वाढायची थांबेल."

ताईने बटणांच्या खणातून हिरवा डबा काढला, उघडला, आणि उरलेली पूड दुकानासमोरच्या गटारात ओतली. "पंप्या, आज शटर तू सांभाळ," असं ती मशीनवरच्या कारागिराला म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "चल. माझं मन बदलायच्या आत."

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की गाठ महिन्याभरात थोडी वाढलीय, पण हाताबाहेर गेलेली नाही. मग त्या सरांकडे वळल्या. "तुम्ही म्हणजे वेलीवर ज्यांनी—"

"मी म्हणजे ज्यांनी वेलीने काही होत नाही हे दाखवलं," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निकाल शीर्षकातच दिला.

त्याच दिवशी त्यांनी दुरुस्तीचं टिपण तो आढावा छापणाऱ्या मोठ्या मासिकाला पाठवून दिलं. उत्तर आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आलं. अनामिक परीक्षकाने लिहिलं होतं: 'लेखक या विषयातील मूलभूत संशोधन-साहित्याशी परिचित दिसत नाहीत. त्यांनी आधी पुढील महत्त्वाचा पेपर वाचावा.' पुढे सरांचंच नाव होतं. पान दोनशे सतरा.

ताईचं ऑपरेशन मुलाखतीच्या आधी दोन दिवस झालं. शर्ट सैल करायचा राहूनच गेला. सर तो तसाच घालून, गळ्याचं बटण उघडं टाकून, समितीपुढे जाऊन बसले. समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी फाईलवर हात ठेवून आदराने विचारलं, "तर ही वेल गाठ थांबवते. पुढची दिशा काय?"

"थांबवत नाही," सर म्हणाले.

तज्ज्ञांनी चष्मा काढला. "पण साहित्य तर सांगतं..."

"साहित्याने माझ्यावरून सांगितलं. मी तसं म्हटलेलं नाही. शेवटच्या पानावर आहे."

प्रत कुणाकडेच नव्हती. संचालक छताकडे बघत होते. तज्ज्ञ सौम्यपणे म्हणाले, "असं तर नाही ना, की तुमच्या प्रयोगातच काही चूक राहिली? कारण बाकी सगळे जण वेगळंच म्हणताहेत."

निवड दुसऱ्याची झाली. समितीने शेरा मारला की उमेदवार प्रामाणिक आहेत, परंतु त्यांचे मत त्यांच्या सर्वात गाजलेल्या संशोधनाशी सुसंगत नाही. लिफ्टसमोर महिनाभर चार भोकं राहिली, मग नव्या विभागप्रमुखांचा, थोडा मोठा फलक लागला. जुना दुरुस्तीहून कधी परत येणार, हे कुणी विचारलं नाही.

सरांचं टिपण शेवटी एका छोट्या मासिकात छापून आलं. शीर्षक होतं: 'रानवेलीने गाठ थांबत नाही'. गुरूंना हा उथळपणा खपला नसता. काही महिन्यांनी टिपणाला पहिलं सायटेशन मिळालं. सरांनी चहा बाजूला ठेवला आणि तो पेपर सगळा वाचून काढला. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: 'रानवेलीच्या परिणामकारकतेला त्याच संशोधकाने अलीकडे पुन्हा दुजोरा दिला आहे.' पुढे सर. पानाचा क्रमांक मात्र या वेळी बरोबर होता.

सरांनी लेखकाला पत्र लिहिलं. दुसऱ्या लेखकालाही. आता ते रोज सकाळी एक पत्र लिहितात. उत्तरं क्वचित येतात. त्या अनोळखी मुलीचं मात्र लांबलचक आलं. आपला पेपर कुणी वाचला याचं तिला इतकं नवल वाटलं होतं की तिने पत्राखाली दोनदा सही केली होती.

ऑपरेशनने आखडलेला ताईचा हात पुन्हा कानापर्यंत वर जाऊ लागला तेव्हा तिने सरांना दुकानात बोलावून घेतलं. "उभा राहा सरळ. हात बाजूला." तिने टेप काढली आणि गळा, खांदा, छाती, पोट असं सगळं नव्याने मोजलं. पोटाशी आल्यावर आकडा दोनदा बघितला आणि लिहून ठेवला.

कापायच्या टेबलावरची फुगलेली फळी गेली होती. तिथे एक नवी होती, जाड, चारी कोपऱ्यांना भोकं असलेली. तिच्यावर ताईने कापड पसरलं, खडूने रेघ मारली. रेघ सुतासारखी सरळ गेली.

परकर शिवायला टाकायला आलेल्या गिऱ्हाईक बाईंनी फळीवरून हात फिरवला. "छान आहे हो. कुठून आणलीत?"

"भावाने आणलीय, त्याच्या ऑफिसातून," ताई कात्री चालवत म्हणाली. "मोठं संशोधन आहे त्याचं. खालच्या बाजूला."